अक्षता पडल्या म्हणजे लग्न लागलं का?

जाईजुई

मागच्या रविवारी चुलत पुतण्याचं लग्न होतं. मुहूर्त १२ वाजून २७ मिनिटांचा, माणूस सहा-सातशे. शेवटचं ‘सावधान’ झालं, वाजंत्री वाजली, अक्षता पडल्या आणि पाच मिनिटांत हॉल रिकामा. निम्मे स्टेजवर फोटोच्या रांगेत, निम्मे खाली ताटाच्या रांगेत. दोन तासांनी, खुर्च्या एकात एक घालून रचायला सुरुवात झाल्यावर, कोपऱ्यात होम पेटला. मी मुद्दाम मोजलं. सप्तपदीला अकरा माणसं होती, त्यात दोन गुरुजी, एक फोटोग्राफर आणि त्याचा दिवा धरणारा मुलगा. नवरीची आईसुद्धा नव्हती. ती मागच्या खोलीत आहेराच्या पिशव्या मोजत होती.

माझ्या लेकीचं लग्न मार्गशीर्षात आहे. तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. सातशे लोक जे बघायला आले ते लग्न, की अकरा लोकांनी बघितलं ते? लग्न नेमकं लागतं कधी? तुमच्याकडे ‘झालं बाई एकदाचं’ असं कोणत्या क्षणी म्हणतात?

आणि हो, कुणाला सप्तपदी लोकांसमोर करायची युक्ती जमली असेल तर तीही सांगा.

सोलकढी

आमच्याकडे पंगत बसली की लगीन लागला. हलके घ्या.

वकिलीण

कायद्यापुरतं सांगते. हिंदू विवाह कायदा १९५५, कलम ७. दोनच पोटकलमं आहेत. पहिलं म्हणतं, वर किंवा वधू यांपैकी कुणाही एका पक्षाच्या रूढीप्रमाणे विधी झाले तरी चालतात. दुसरं म्हणतं, त्या विधींत सप्तपदी येत असेल तर सातवं पाऊल पडलं की विवाह पूर्ण आणि बंधनकारक. ‘येत असेल तर’ हे तीन शब्द अधोरेखित करून वाचा. सगळ्यांना सप्तपदी सक्तीची नाही.

पण ज्यांच्याकडे ती आहे त्यांनी ती गाळली, तर काय होतं याचं उदाहरण आपल्याच राज्यातलं आहे. एका गृहस्थांनी पहिली बायको असताना १९६२ साली दुसरा संसार थाटला. द्विभार्येचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६५ मध्ये ते सुटले. का, तर दुसऱ्या वेळी होम आणि सप्तपदी झाल्याचं सिद्ध झालं नाही, आणि ते गाळायची रूढी आहे हेही सिद्ध झालं नाही. दुसरं लग्न ‘लागलंच’ नाही, मग गुन्हा कुठला! पहिल्या बायकोला काय वाटलं असेल ते निकालपत्रात नसतं.

तेव्हा जाईजुई, ती अकरा माणसं महत्त्वाची. साक्षीदार तेच.

चिंचगोळी

म्हणजे फोटोग्राफरचा दिवा धरणारा मुलगा हा कायद्याच्या दृष्टीनं सातशे वऱ्हाड्यांपेक्षा मोठा. हसून हसून पुरेवाट.

बांधावरून

वकिलीणबाईंचं ‘येत असेल तर’ वाचून बरं वाटलं, नाहीतर आमचं अख्खं गाव बिनलग्नाचं निघालं असतं.

आमच्याकडं सोलापूर बाजूला सप्तपदी कुणी केलेली मी लहानपणी बघितली नाही. आता कार्यालयात गुरुजी करून घेतात, ती वेगळी गोष्ट. आमचं लग्न सुरू व्हायचं मांडवडहाळ्यापासनं. आंब्या-जांभळाचे डहाळे बैलगाडीतनं वाजतगाजत आणायचे, मांडवावर टाकायचे. हळद जात्यावर दळायची, पाच सवाशिणी, जात्याला सुपारी बांधलेली. देवक, म्हणजे कुळाचं चिन्ह, बसवायचं. मग लग्नादिवशी नवरा मारुतीच्या देवळात, तिथनं परण्या निघणार, नवरा घोड्यावर, पुढं हलगी. मांडवात पोचला की पाटावर उभा, मधी आंतरपाट, मामा पाठीशी. आणि अक्षता म्हणजे तांदूळ नाहीत हं, ज्वारी. रंगवलेली ज्वारी. पोतंभर लागायची. भटजी एक, माईक एक, आणि भटजी दमला की गावातला एखादा हौशी माणूस मंगलाष्टक म्हणायला तयारच.

ज्वारी पडली की लग्न लागलं. म्हातारी माणसं आजपण विचारतात, ‘अक्षदा पडल्या का?’ सप्तपदी झाली का, असं कुणी विचारत नाही. पत्रिकेतसुद्धा खाली छापलेलं असतं, वेळेवर अक्षतेला यावं. होमाला यावं असं छापलेलं मी तरी वाचलं नाही.

पोथीतला_किडा

बांधावरून यांचा प्रतिसाद वाचून आश्वलायन गृह्यसूत्र आठवलं. विवाहविधीचा भाग तिथे सुरू होतो तोच असा: ‘अथ खलूच्चावचा जनपदधर्मा ग्रामधर्माश्च तान् विवाहे प्रतीयात्’. म्हणजे देशोदेशीचे, गावोगावचे आचार नाना प्रकारचे असतात, लग्नात ते पाळावेत. आणि पुढे म्हणतात, जे सगळीकडे सारखं आहे तेवढंच आम्ही सांगतो. म्हणजे ज्वारीला, परण्याला, मांडवडहाळ्याला खुद्द सूत्रकारांची परवानगी आहे. ‘शास्त्रात नाही’ म्हणून कुणाच्या गावच्या रीतीला नाक मुरडणाऱ्यांनी शास्त्राचं पहिलं वाक्य वाचलेलं नसतं.

मग सारखं काय सांगितलंय? अग्नी, पाणिग्रहण, लाजाहोम (लाह्यांचा होम), दगडावर पाय ठेवणं (अश्मारोहण), अग्नीभोवती फेरे आणि ईशान्येकडे सात पावलं. अन्नासाठी पहिलं, बळासाठी दुसरं, धनासाठी तिसरं, सुखासाठी चौथं, प्रजेसाठी पाचवं, ऋतूंसाठी सहावं. सातव्याला मागायचं काही उरत नाही, तिथे फक्त ‘सखा हो’ एवढंच. मला तो सातवा शब्द फार आवडतो. सहा पावलं मागण्यांची यादी, आणि मग एकदम मैत्री.

गंमत म्हणजे आपण ज्याला लग्न समजतो त्यातलं आंतरपाट, मंगलाष्टकं, मंगळसूत्र हे तिघंही त्या सूत्रात नाहीत. नंतर आले आणि मालक झाले.

दुर्बीण

जाईजुईंच्या प्रश्नाचं उत्तर शब्दातच आहे की.

‘लग्न’ हा ज्योतिषातला शब्द. पूर्व क्षितिजावर जी रास उगवते आहे ती लग्नरास. एक रास साधारण दोन तास. तिच्यातला नेमका शुभ क्षण म्हणजे मुहूर्त. तो क्षण ‘लागला’ की आंतरपाट दूर. म्हणून लग्न ‘लागतं’, होत नाही. लग्न लावतात तेही म्हणूनच. त्या हिशेबानं लग्न अक्षतांनाच लागतं, बांधावरून यांच्याकडची म्हातारी माणसं बरोबर. विवाह मात्र सात पावलांनी होतो, वकिलीणबाई बरोबर. एकाच दिवशी दोन वेगळ्या गोष्टी आपण करतो आणि दोन्हींना एकच नाव देतो.

अवांतर: घड्याळं नव्हती तेव्हा घटिकापात्र असायचं. तळाला बारीक भोक असलेलं तांब्याचं भांडं पाण्यावर तरंगत ठेवायचं. भरून बुडालं की एक घटका, २४ मिनिटं. दिवसाच्या ६० घटका. आमच्याकडे पणजोबांच्या वेळचं एक होतं. वडिलांनी मोडीत घातलं. अजून चुटपुट लागते.

वऱ्हाडी_ठेचा

दुर्बीणभाऊ, तुमचं घटिकापात्र आमच्या अमरावतीकडे आणा एकदा. पत्रिकेत मुहूर्त ११ चा. नवरदेव मारुतीच्या देवळातून निघते साडेबाराले. बँडवाल्यासमोर मित्रमंडळ नाचते दोनपर्यंत. मुहूर्त बिचारा वाट पाहून पाहून निघून जाते. मग महाराज म्हणते, काही हरकत नाही, आताही चांगलाच आहे. जो मुहूर्त नवरदेवाले घेऊन येते तोच शुभ.

खडीसाखर

मंगलाष्टकांवरून आठवलं. आत्याच्या लग्नात तिच्या दोन्ही काकूंनी, एका मावशीनं आणि वराच्या शेजाऱ्यांनी स्वतः रचलेली मंगलाष्टकं आणली होती. प्रत्येकीत सगळ्या नातेवाइकांची नावं. एकीनं ती चक्क सिनेमाच्या चालीत बसवली होती. अकरावं संपलं तेव्हा आंतरपाट धरणाऱ्या दोघांचे हात थरथरत होते, नवरदेव पाटावर एका पायावरून दुसऱ्या पायावर. गुरुजी घड्याळ बघत होते. बारावं सुरू व्हायच्या आत त्यांनी ‘तदेव लग्नं सुदिनं तदेव’ असं सुरू केलं की मावशीचा कागद हातातच राहिला. ती पुढे दोन वर्षं आमच्याशी बोलली नाही.

पोथीतला_किडा

@खडीसाखर, अष्टक म्हणजे आठ. बारा झाले तर द्वादशक म्हणायचं का?

वृत्त शार्दूलविक्रीडित हवं, ओळीला १९ अक्षरं, बाराव्यावर यती. ‘स्वस्ति श्रीगणनायकं गजमुखं’ म्हणून बघा, बाराव्या अक्षरावर आपोआप श्वास घेतला जातो. नव्या रचनांत दमछाक होते ती नावं कोंबल्यामुळे. नातेवाईक वृत्तात बसत नाहीत.

चिंचगोळी

नातेवाईक कशातच बसत नाहीत. आमच्या गाडीत पण बसत नव्हते.

उंबरठा

मी बरेच दिवस फक्त वाचते, आज लिहिते.

मी अकरा वर्षांची असताना बाबा गेले. आईनं शिवणकाम करून आम्हा दोघी बहिणींना वाढवलं. माझं लग्न ठरलं तेव्हा काका म्हणाले, कन्यादान मी आणि तुझी काकू करू. काकांचं प्रेम होतं, वाद नाही. पण हळदीच्या दिवशी पाच सवाशिणी मला हळद लावत होत्या आणि आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. आत नाही, बाहेर नाही, दारात. तिला कुणी ‘ये’ म्हणालं नाही आणि ‘येऊ नकोस’ असंही म्हणालं नाही. तेच वाईट. नको म्हणणारं कुणी असतं तर भांडता तरी आलं असतं.

अक्षता पडल्या तेव्हा मी तिला शोधत होते. ती मागच्या रांगेत होती, डोक्यावर पदर घेऊन. ‘लग्न कधी लागलं’ असं मला विचाराल तर ते मला आठवत नाही. मला ती रांग आठवते.

धाकटीच्या लग्नात मी ठरवलंच होतं. गुरुजींना आधी जाऊन भेटले. म्हटलं, पाटावर आई बसणार. ते वयस्कर होते, मला वाटलं रागावतील. त्यांनी पोथी बंद केली आणि विचारलं, ‘मुलीला वाढवलं कुणी?’ मी म्हटलं, आईनं. म्हणाले, मग प्रश्न कुठे आहे. हळदसुद्धा पहिली आईनं लावली. काकू जरा चुळबुळल्या. आईचा हात इतका कापत होता की धाकटीच्या कपाळाऐवजी केसांना हळद लागली. ते केस आठवडाभर पिवळे होते.

जाईजुई

उंबरठा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. काय लिहू कळत नाही.

बांधावरून

उंबरठाताई, तुमच्या आईंना नमस्कार. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावानं मे २०२२ मध्ये ग्रामपंचायतीत ठराव केला, विधवा प्रथा बंद. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं सगळं. त्याच महिन्यात शासनानं परिपत्रक काढून बाकीच्या गावांना हेरवाडसारखं करा म्हणून सांगितलं. आमच्याही गावात ठराव झाला. ठराव झाला म्हणजे झालं असं नाही. पण गेल्या वर्षी एका हळदीत माझ्या बायकोनं तिच्या थोरल्या विधवा जावेचा हात धरून तिला पुढं ओढलं, तेव्हा ‘ठराव झालाय आपल्यात’ असं म्हणायला शब्द तरी होते.

निवांत

कन्यादान कुणी करायचं, हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो. कन्या ‘दान’ करायची वस्तू आहे का? आमच्या मुलीनं स्पष्ट सांगितलं, बाबा, मला कुणाला दान बिन करायचं नाही. आम्ही गाळलं. काहीही बिघडलं नाही. लाजाहोम, सप्तपदी केली, दोघांनी मराठीतून एकमेकांना वचनं दिली. गुरुजी नव्हते, पौरोहित्य शिकलेल्या एक बाई होत्या. त्यांनी प्रत्येक मंत्राचा अर्थ आधी सांगितला. पुण्यात ज्ञानप्रबोधिनीनं हे काम कित्येक वर्षं चालवलंय, स्त्री-पुरोहित तयार केले, मराठी अर्थासह पोथ्या काढल्या.

विहीणबाई_गं

निवांत, ‘वस्तू’ वगैरे मोठे शब्द झाले. माझ्या वडिलांनी माझ्या हातावर पाण्याची धार सोडली तेव्हा त्यांना काही वस्तू दिल्यासारखं वाटत होतं असं मला नाही वाटत. आयुष्यात त्यांना रडताना मी तेव्हाच पाहिलं. आणि त्याच विधीत वराकडून तीनदा वदवून घेतात ना, धर्मात, अर्थात, कामात हिला सोडून वागणार नाही, ‘नातिचरामि’. मुलीच्या बापानं सगळ्यांसमोर जावयाला शब्द द्यायला लावायची तेवढीच एक जागा आहे. ती पण काढून टाकायची?

निवांत

शब्द फक्त त्यानंच का द्यायचा? आणि बापालाच का?

विहीणबाई_गं

कारण तेव्हा तरी तो गप्प बसून ऐकतो. नंतर कुठे ऐकतो!

वकिलीण

भांडणात कायद्याची काडी टाकते. मार्च २०२४ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयानं म्हटलंय की हिंदू विवाहाला कन्यादान आवश्यक नाही. म्हणजे ठेवा किंवा गाळा, लग्नाला धोका नाही. घरच्यांकडून असलेल्या धोक्याबद्दल न्यायालय काही बोललेलं नाही.

आणि पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयासमोर दोन वैमानिकांचं प्रकरण होतं. विधी काहीच नाहीत, नुसती कागदोपत्री नोंदणी. ते लग्न वैध धरलं नाही. लग्न म्हणजे नाचगाण्याचा, खाण्यापिण्याचा कार्यक्रम नव्हे, असंही त्या निकालात आहे. नोंदणी हा लग्नाचा पुरावा, ती लग्न ‘लावत’ नाही. विधीच नको असतील तर १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे, ३० दिवसांची नोटीस द्या आणि निबंधकासमोर सही करा.

वऱ्हाडी_ठेचा

नाचगाणं नाही म्हणते? आमच्याकडची सगळी लग्नं रद्द झाली मग.

कळंब

चर्चा रंगलीय म्हणून थोडं वेगळं. आमच्या घरात तीन पिढ्या सत्यशोधक पद्धतीनं लग्नं होतात. जोतीरावांनी २४ सप्टेंबर १८७३ ला सत्यशोधक समाज काढला आणि पहिलं सत्यशोधक लग्न त्याच वर्षी २५ डिसेंबरला लागलं. पुरोहित नाही, हुंडा नाही. १८८७ मध्ये त्यांनी मंगलाष्टकांसह पूजाविधीचं पुस्तकच काढलं. त्यातली मंगलाष्टकं वेगळी आहेत, ती वधू आणि वर एकमेकांना उद्देशून म्हणतात. वधू बायकांच्या हक्कांचं विचारते, वर शब्द देतो. म्हणजे निवांत आणि विहीणबाई, तुमच्या भांडणाचा निकाल सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी लागलेला आहे. दोघांनी बोलायचं, आणि सगळ्यांसमोर बोलायचं.

माझ्या लग्नात मी माझ्या ओळी विसरलो. बायकोनं माझ्याही म्हटल्या. तेव्हापासून तीच पद्धत चालू आहे.

नाव देवकावरून घेतलंय. आमचं देवक कळंब.

सोलकढी

देवकाचा विषय निघालाच आहे तर विचारून घेतो, एकच देवक असलं की लग्न होत नाही म्हणतात ते खरं का?

बांधावरून

आमच्यात पाळतात. सोयरीक जुळवताना आडनावाच्या आधी देवक विचारतात. कुणाचं पंचपल्लव, कुणाचं मोराचं पीस, कुणाचा कळंब. देवक एक म्हणजे भाऊबंद, मग सोयरे कसे होणार? लग्नाआधी ते देवक मांडवात आणून पुजतात. ते आणायला जे जोडपं जातं त्यांचा मान मोठा, उपरण्याला पदर बांधून वाजत जायचं. आमच्या मामा-मामीचं वर्षभर बोलणं नव्हतं, पण देवक आणायला गाठ मारून गेले. परतताना बोलत आले.

खडीसाखर

कानपिळीबद्दल कुणी बोललंच नाही! लाजाहोमाला नवरीचा भाऊ तिच्या ओंजळीत लाह्या घालतो आणि मग जावयाचा कान पिळतो, माझ्या बहिणीला नीट सांभाळ म्हणून. माझा भाऊ नऊ वर्षांचा होता. घरून सगळ्यांनी इतकं शिकवून ठेवलं होतं की त्यानं दोन्ही हातांनी कान धरला आणि सोडेचना. नवऱ्यानं पटकन पाकीट काढलं, तरी सोडेना. शेवटी त्यानं ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, ‘पैसे नकोत, ताईला परत द्या.’ सगळे हसले. मी हसले नाही.

चिंचगोळी

माझं लग्न दुपारी लागलं. सप्तपदीनंतर गुरुजी म्हणाले, आता ध्रुवदर्शन. वर बोट केलं, बरोबर पंख्यावर. ‘दिसला का ध्रुव?’ आम्ही म्हटलं, दिसला. ‘शेजारी अरुंधती, सप्तर्षी?’ तीनच पाती होती, पण तेही दिसले.

पोथीतला_किडा

@चिंचगोळी, सूत्रात रात्र झाल्यावर बाहेर नेऊन तारे दाखवायचे आहेत. आपण लग्न दुपारी आणलं आणि विधी तसाच ठेवला. जाईजुईंच्या अडचणीचं मूळही तिथेच आहे. पूर्वी चार-चार दिवस चालायचं ते आपण कार्यालयाच्या एका सत्रात बसवतो. सीमांतपूजन आदल्या संध्याकाळी, पुण्याहवाचन सकाळी घाईत, मग मुहूर्त, आणि मुहूर्त बरोबर जेवणाच्या वेळेला. होम जेवणानंतर. उपाशी माणसाला सप्तपदी दाखवता येत नाही आणि जेवलेल्या माणसाला तर अजिबातच नाही.

निवांत

विहीणबाई, कळंब म्हणतात ते पटतंय. दोघांनी बोलायचं. आमच्याकडे केलंच होतं, पण ते ‘गाळलं’ म्हणून सांगत बसलो, ‘काय घातलं’ ते सांगायचं राहिलं.

विहीणबाई_गं

असू दे. जेवायला या.

दुर्बीण

मग उपाय सरळ आहे, जाईजुई. मुहूर्त सकाळचा काढा. पंचांगात दिवसाला एकच मुहूर्त असतो थोडाच. दहा-साडेदहाचा मिळाला तर लोक नाश्ता करून ताजेतवाने, जेवणाला अजून दोन तास. मधल्या वेळात होम आणि सप्तपदी स्टेजच्या मध्यभागी, कोपऱ्यात नाही. गुरुजींच्या हातात माईक, मराठीतून अर्थ. फोटो नंतर. फक्त फोटोग्राफरला आधी सांगून ठेवा, तो खरा यजमान असतो.

बांधावरून

आणि पत्रिकेत छापा, वेळेवर सप्तपदीला यावं. छापणारा विचारेल, हे काय? त्याला हा धागा दाखवा.

जाईजुई

सगळ्यांचे आभार. गुरुजींशी बोलून कळवते.

जाईजुई

धागा वर काढतेय. पौष लागला, आता कुठे श्वास घ्यायला वेळ मिळाला.

मुहूर्त १० वाजून ४० मिनिटांचा मिळाला. व्याही आधी नाखूश होते, लांबून येणाऱ्यांना पहाटे निघावं लागेल म्हणून. मी म्हटलं नाश्ता पोटभर ठेवते. पत्रिकेत बांधावरून यांनी सांगितलेलं वाक्य छापलं. दोन फोन आले, छापायची चूक झाली का विचारायला.

हळदीला आमच्या सोसायटीतल्या एक बाई आहेत, गेल्या वर्षी त्यांचे मिस्टर गेले. त्या आल्या नव्हत्या. उंबरठा, तुमच्या आई डोळ्यांसमोर होत्या. मी खाली जाऊन त्यांना हाताला धरून घेऊन आले. जास्त काही झालं नाही, त्या लेकीला हळद लावून शेजारी बसल्या.

अक्षता पडल्या. लोक उठायला लागले तसे गुरुजी माईकवर म्हणाले, ‘बसा. लग्न लागलंय, विवाह अजून व्हायचाय.’ दुर्बीण, हे तुमचंच वाक्य, मी त्यांना सांगून ठेवलं होतं. काही तरीही गेलेच, पण निम्म्याहून जास्त बसले. तांदळाच्या सात राशी मधोमध मांडलेल्या, एकेक पाऊल, एकेकाचा अर्थ. पाचव्याला मुलांनी शिट्ट्या मारल्या. सहावं झालं.

आणि त्या वेळी मॅनेजर धावत आला, स्टोअरची किल्ली हवी, आतला तांदूळ काढायचाय. किल्ली माझ्या कमरेला. किल्ली तशीच द्यावी तर आत सगळा आहेर. मी उठले, गेले, कुलूप काढलं, आले. तेवढ्यात सगळे टाळ्या वाजवत होते.

सातवं पाऊल मी पाहिलंच नाही.

खडीसाखर

अगं बाई!

उंबरठा

लेकीनं शोधलं असेल तुम्हाला.

जाईजुई

हो. आले तेव्हा ती माझ्याकडेच बघत होती. मी तिला किल्ली दाखवली, ती हसली. तोच फोटोग्राफर पुढे झाला, म्हणाला, मॅडम, मध्ये कुणाचा तरी हात आला, सातवं परत घेऊ. गुरुजी नको म्हणत होते, पण पोरांनी टाकलं परत. तेव्हा मी समोर होते.

वकिलीण

म्हणजे आठ झाली. कलम ७ मध्ये आठव्याबद्दल काही नाही.